वीज गेल्यावर भोंगा कोण वाजवणार?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. वादळ येणार हे हवामान खात्याने वेळीच सांगितले होते. किनाऱ्यालगतची हजारो माणसे सुरक्षित जागी हलविण्यात आली होती. आणि वादळाच्या आवाक्याच्या मानाने माणसे थोडी दगावली. याचे श्रेय शासनयंत्रणेला दिलेच पाहिजे. परंतु वादळ पुढे निघून गेल्यावर जे घडले त्याची चर्चा त्या मानाने फारशी झाली नाही. विजेचे खांब रांगेने आडवे झाले, रोहित्रे कोसळली, आणि त्यांच्या पाठोपाठ मोबाइलचे मनोरेही मुके झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. टाळेबंदीमुळे मुंबईत अडकून पडलेल्या चाकरमान्याला गावी आईबाप कसे आहेत हे कळेना. आणि गावातील म्हाताऱ्याला मदत केव्हा येणार, रॉकेल कोठे मिळणार, पंचनाम्याला कोण येणार, हे सांगणारे कोणी उरले नाही.

म्हणजे वादळापूर्वीचा इशारा पोहोचला. वादळानंतरचा शब्द पोहोचला नाही. आपत्तीच्या नियोजनातील खरा दोष येथे आहे. आपण इशारा म्हणजे संकटापूर्वी दिलेली एक सूचना असे मानतो आणि ती विजेवर चालणाऱ्या साधनांनी देतो. संकटाचा पहिला घाव मात्र विजेवरच पडतो. जी व्यवस्था वीज असेपर्यंतच बोलते, ती संकटाच्या ऐन घटकेला गप्प बसणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून सार्वजनिक इशाऱ्याची व्यवस्था आखताना पहिला प्रश्न ‘यंत्र कोणते घ्यावे’ हा नसून ‘वीज गेल्यावर गावात कोण बोलणार, कोणाच्या अधिकाराने बोलणार आणि त्याचे ऐकून माणसे कोठे जाणार’ हा असला पाहिजे.

साखळीचा शेवटचा दुवा

गेल्या काही वर्षांत केंद्र शासनाने ‘सचेत’ नावाची व्यवस्था उभी केली आहे. २०२३ साली देशभर तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा खिशातील मोबाइल एकाएकी कर्कश आवाज करू लागल्याने अनेकजण दचकले होते. ही योजना चांगली आहे. एकेका क्रमांकाला निरोप धाडण्याऐवजी त्या मनोऱ्याच्या टापूत असलेल्या सर्व मोबाइलना एकाच वेळी इशारा जातो. त्यामुळे लाखो माणसे एकदम फोन लावू लागली तरी तो तुंबून राहत नाही. तंत्रज्ञांनी चांगले काम केले आहे, यात वाद नाही.

परंतु या साखळीचा शेवटचा दुवा तपासून पाहावा. मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली की त्याच्या बॅटऱ्या काही तास टिकतात. मग डिझेलवरचे जनित्र चालवावे लागते. आणि रस्त्यावर झाडे पडलेली असताना डिझेल नेणार कोण, याचे उत्तर मनोऱ्याच्या मालक कंपनीच्या नफ्यातोट्याच्या गणितात असते, तालुक्याच्या आराखड्यात नसते. सह्याद्रीच्या कुशीतील अनेक वाड्यांना मनोऱ्याची रेघ एरवीही धड मिळत नाही. जेथे मिळते तेथे घरात एकच फोन असतो, तो कामाला गेलेल्या पुरुषाच्या खिशात असतो. घरी म्हातारी आणि मुले असतात. रात्री अकरा वाजता फोन बंद करून झोपलेल्या माणसापर्यंत तो इशारा जातच नाही. आणि इशाऱ्यातील ‘अतिवृष्टीची शक्यता, सतर्क राहावे’ या वाक्याचा कातकरी वा ठाकर वाडीतील कुटुंबाने कोणता अर्थ घ्यावयाचा? सतर्क राहावे म्हणजे नेमके काय करावे?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे मेली. तेथे काही भयंकर घडले आहे हे बाहेरच्या जगाला कळले ते एस. टी. च्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन तो आला आणि जेथे गाव असावयाचे तेथे त्याला गाव दिसले नाही. गावाकडे जाणारा इशारा नव्हताच. पण गावाकडून येणारी हाकही नव्हती. इशाऱ्याची वाट दोन्ही बाजूंनी चालती हवी, हा धडा माळीणने दिला.

तो आपण घेतला काय? २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्याच तालुक्यात २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांनी तोच प्रलय पाहिला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नावच नव्हते. यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही. मुसळधार पाऊस दिवसेंदिवस कोसळत होता, हे वाडीतील प्रत्येकाला दिसत होते; पण किती पाऊस झाला म्हणजे घर सोडावे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, आणि ‘चला, निघा’ असे सांगण्याचा अधिकार वाडीतील कोणालाच नव्हता.

दवंडी आणि भोंगा

काही मंडळी अशा वेळी जुन्या दवंडीची आठवण काढतात. हलगी वाजली की सारा गाव कान देई, निरोप घराघरांत पोहोचे, असे ते कौतुकाने सांगतात. ते खरे आहे; पण अर्धेच खरे आहे. ती दवंडी कोण देत होते? वेशीवर रात्रभर जागता पहारा कोण करीत होते? महार वतनाच्या जोखडाखाली राबणारा, ज्याच्या निरोपावर गाव हालत होता पण ज्याची सावली गावाला चालत नव्हती, असा माणूस ते काम करीत होता. ही वेठ कायद्याने संपली हे योग्यच झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध जो लढा दिला त्याचेच ते फळ होते. दोष वतन गेले यात नाही. वेठीच्या जागी सन्मानाची, पगारी, सार्वजनिक सेवा आपण उभी केली नाही, हा दोष आहे. आज महसूल खात्याचा कोतवाल गावोगाव निरोप पोहोचवतो; तो मानधनावर जगतो आणि चतुर्थ श्रेणीचा दर्जा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे मोर्चे काढतो. ज्याच्या हाती साखळीचा शेवटचा दुवा द्यावयाचा, त्यालाच आपण नोकर मानावयास तयार नाही.

भोंग्याची कथाही अशीच बोलकी आहे. मुंबईच्या गिरणगावात भोंग्यावर माणसांचे दिवस चालत. पहाटेचा भोंगा झाला की चाळीचाळींतून कामगार बाहेर पडत. कामगार पाळीवर वेळेत हजर व्हावा म्हणून मालकाला भोंगा परवडत होता. त्याचा आवाज प्रत्येक खोलीत पोहोचेल याची काळजी तो घेत होता. श्रम गोळा करण्यासाठी जो समाज भोंगा उभारू शकतो, त्याला प्राण वाचविण्यासाठी तो उभारता येत नाही, असे कोणी म्हणू नये.

आणि भोंगा असूनही तो कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून असते. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा कारखान्यात भोंगा होता. वस्तीला सावध करणारा तो भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. तो पुन्हा मोठ्याने वाजला तेव्हा वायू झोपड्यांत शिरला होता आणि माणसे रस्त्यावर कोसळत होती. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी गोष्टही त्या वस्तीला आधी कोणी सांगून ठेवलेली नव्हती. कारण तसे सांगणे म्हणजे कारखान्यात धोका आहे अशी कबुली देणे होते. धोका निर्माण करणाऱ्याच्याच हाती इशारा ठेवला म्हणजे काय होते, याचे याहून मोठे उदाहरण जगात सापडणार नाही.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. शहराशहरांतून भोंगे वाजले; तरुण पिढीतील अनेकांनी तो आवाज प्रथमच ऐकला. युद्धाच्या शक्यतेपोटी एका दिवसात भोंग्यांची आठवण होऊ शकते. मग दरवर्षी न चुकता येणाऱ्या पुराच्या आणि दरडीच्या काळात ती का होऊ नये?

ऐकूनही माणूस हलत नाही तेव्हा

शासकीय अधिकारी अनेकदा तक्रार करतात की आम्ही सांगतो पण लोक ऐकत नाहीत. या तक्रारीत तथ्य आहे. पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांना ‘आयर्विनला किती?’ असे विचारतो, कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. फूट आणि इंच ही या लोकांची स्वतःची भाषा आहे. पण २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती आणि अनेकांनी तिच्यावर भरवसा ठेवला: तेव्हा येथवर आले, याहून वर येणार नाही. पाणी त्या खुणेच्या वर गेले तेव्हा रस्ते बुडाले होते. ‘पुलाला अमुक फूट’ म्हणजे ‘तुमच्या गल्लीत अमुक वाजता पाणी’, असा अनुवाद त्यांच्यासाठी कोणी केला असता, तर तेच लोक आधी उठले असते.

याखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते पोटाचे आहे. घर सोडणे म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाने मजुरी सोडणे. दावणीची म्हैस सोडून गेलो आणि ती वाहून गेली तर कर्ज कोण फेडणार? शाळेत जाऊन राहिलो आणि दरड पडलीच नाही, तर बुडालेले चार दिवस कोण भरून देणार? ज्याच्याकडे बँकेत शिल्लक आहे, नातेवाइकाचे पक्के घर आहे, त्याला इशारा पुरतो. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याला नुसता इशारा म्हणजे न झेपणारा उपदेश होय. म्हणून इशाऱ्याबरोबर निवारा, जनावरांची सोय आणि बुडालेली मजुरी देण्याची हमी जोडलेली नसेल, तर तो इशारा गरिबांपुरता अपुराच राहतो. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. दुष्काळात माणसाला काम मागण्याचा हक्क आहे असे मानणारा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली याच राज्याने केला. दुष्काळात जो हक्क मान्य केला तो पुरात आणि दरडीत मान्य करावयास कोणती अडचण आहे?

हे स्वप्नरंजन नव्हे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्या गरीब राज्याने निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, आणि २०१३ च्या ‘फायलिन’ वादळात सुमारे दहा लाख माणसे हलवून मृतांची संख्या शंभराच्या आत रोखली. २०१८ साली तेथील सहा किनारी जिल्ह्यांत १२२ ठिकाणी भोंग्यांचे मनोरे उभे राहिले. बांगलादेशाची कथा याहून जुनी आहे. १९७० च्या नोव्हेंबरमधील भोला चक्रीवादळाने तेथे तीन ते पाच लाख बळी घेतले. देश स्वतंत्र होताच त्याने स्वयंसेवकांची जी फळी उभारली तिच्यात आज पंचाहत्तर हजारांच्या घरात माणसे आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. त्यांची साधने कोणती? हातभोंगा, कर्णा आणि काठीला बांधलेली निशाणे. त्यांतील कोणतेही वीजमंडळाच्या तारेवर अवलंबून नाही.

अंधाराचे दिवस

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. दीर्घकाळ वीज जाणे ही स्वतःच एक आपत्ती आहे, हे आपण अद्याप मानीत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई काही तास अंधारली, लोकल थांबल्या, आणि सारा देश हादरला. कोकणातील वाडी महिनाभर अंधारात राहते तेव्हा ती केवळ ‘गैरसोय’ ठरते. पूर्वी विहिरीवर रहाट होता. आता पंप आहे. पंप बंद म्हणजे पाणी बंद. पिठाची गिरणी बंद म्हणजे घरात धान्य असून भाकरी नाही. मधुमेही रुग्णाचे इन्शुलिन थंड कोठे ठेवावयाचे? बाळंतपणाला आलेल्या सुनेसाठी रुग्णवाहिका कशी बोलवावयाची? हे प्रश्न अंधाराच्या पहिल्या रात्री पडतात आणि त्यांची उत्तरे तालुक्याच्या गावी असतात.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल एकाएकी अंधारात बुडाले. फोन हळूहळू मूक झाले आणि लोकांनी दुकानांतून बॅटरीवर चालणारे रेडिओ शोधून शोधून विकत घेतले. आपल्याकडे मात्र आकाशवाणीचे अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत जुनाट म्हणून बंद करण्यात आले. दोन सेलांवर चालणारे आणि दूरवरचे ऐकवणारे ते साधन संकटकाळासाठी राखले पाहिजे, हा विचार खर्चाच्या हिशेबात बसला नसावा.

निर्णय कोणाचा?

सर्वांत कठीण प्रश्न अधिकाराचा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचीत होते. म्हणजे धोका वर ठाऊक होता. खाली पुणे शहर मात्र निश्चिंत झोपले होते. जवानांच्या श्रमामुळे भिंत रात्री न फुटता सकाळी फुटली, म्हणून अनर्थ काहीसा आटोक्यात राहिला. लोक घाबरतील या भीतीने लोकांपासून माहिती लपवून ठेवण्याची ही प्रशासकीय वृत्ती जुनी आहे आणि ती केवळ आपली नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात हवामान खात्याने सकाळीच धोक्याची सूचना दिली होती, मोबाइलवर इशारा देण्याची उत्तम यंत्रणाही सज्ज होती. पण तो इशारा रात्री आठनंतर सुटला. तोपर्यंत कित्येकजण बुडून गेले होते. त्या प्रलयात दोनशेवर माणसे मेली. तेथे यंत्र निरुपयोगी ठरले नाही. ते चालविण्याचा निर्णय ज्यांनी करावयाचा त्यांनी तो वेळेवर केला नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला मोठे अधिकार दिले. पण अलिबागला बसलेल्या जिल्हाधिकाऱ्याला इर्शाळगडाच्या पायथ्याशी रात्री दहा वाजता किती पाऊस पडतो आहे हे कसे कळावे? डोंगराखालच्या प्रत्येक वाडीत एक साधे पर्जन्यमापक असावे. त्या जागेसाठी भूगर्भतज्ज्ञांनी एक मर्यादा ठरवून द्यावी. आणि ती ओलांडली की वरच्या हुकमाची वाट न पाहता भोंगा वाजविण्याचा अधिकार गावातील नेमलेल्या दोघांना असावा. त्यांतील एक स्त्री असावी, कारण दिवसा गावात राहते ती तीच. त्यांना ग्रामपंचायतीमार्फत नियमित वेतन मिळावे. चुकून भोंगा वाजला तर त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असे कायद्यानेच सांगावे. विनाकारण एक रात्र शाळेत काढावी लागणे ही फार स्वस्त किंमत आहे.

भोंगा हाताने फिरवावयाचा असावा. निवाऱ्याची जागा, जनावरांचा गोठा आणि मजुरीची भरपाई आधी ठरलेली असावी. वीज गेल्यावर पहिल्या चोवीस तासांत पाण्याच्या पंपासाठी आणि फोन चार्ज करण्यासाठी गावात एक जनित्र चालू व्हावे. मनोऱ्यांच्या कंपन्यांवर इंधनाचा साठा ठेवण्याची सक्ती असावी. रोज ठरलेल्या वेळी आकाशवाणीने तालुकावार माहिती द्यावी. आणि वीज केव्हा येणार याचा प्रामाणिक अंदाज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा. ‘पंधरा दिवस लागतील’ हे ऐकून माणूस तयारी करतो. ‘लवकरच’ हे ऐकून तो फक्त वाट पाहतो.

एवढ्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. हातभोंगा, पर्जन्यमापक, दोन माणसांचे वेतन आणि एक जनित्र यांचा खर्च दुर्घटनेनंतर वाटल्या जाणाऱ्या सानुग्रह अनुदानाशेजारी ठेवून पाहावा. मेल्यावर वारसांना धनादेश देण्यास आपले शासन तत्पर असते. जिवंतपणी हाक मारण्यास तेवढेच तत्पर असावे, इतकीच मागणी आहे. आणि ही मागणी उपकाराची नाही. ज्या धोक्याची माहिती शासनाजवळ आहे ती वेळेवर, समजेल अशा भाषेत आणि पळण्याच्या वाटेसह मिळणे, हा नागरिकाचा हक्क आहे.

दरवर्षी १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी आणि कामगारदिनी, गावोगाव ग्रामसभा भरते. पावसाळा तेव्हा महिन्यावर आलेला असतो. डोंगराखालच्या, नदीकाठच्या आणि समुद्रकाठच्या कार्यकर्त्यांनी या सभेत उभे राहून तीन प्रश्न विचारावेत: आपला भोंगा कोठे आहे, तो कोण वाजवणार, आणि तो वाजल्यावर आपण कोठे जावयाचे? उत्तर मिळेपर्यंत सभा संपू देऊ नये. उत्तर मिळाले तर तेथेच भोंगा एकदा वाजवून पाहावा आणि शेवटच्या घरातील म्हातारीला तो ऐकू आला की नाही, हे तिच्या दारात जाऊन विचारून यावे.